खोका फेकायचा नाही

यवतमाळच्या वधू-वर केंद्रवाल्याने माझ्या भावाचा फोटो टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाला, “बाई, शेतीवाले घेणं आता बंद केलं आम्ही.”

जणू मी सडकी वांगी घेऊन त्याच्या दारात गेले होते.

घासाघीस हा माझा धंदाच. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन मी आठवडी बाजार केले, मग एसटीडीचा बूथ टाकला, त्याला झेरॉक्स जोडलं. मोबाइल आले आणि बूथ मेला, तेव्हा एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासची जुनी यंत्रं खोक्यांसकट उचलून बाभुळगावात सायबर कॅफे उघडला. नवऱ्याची ड्रायव्हरची नोकरी बाहेरगावी, त्यामुळे दुकान मी एकटीच चालवत होते. समोरच्याचं ‘नाही’ म्हणजे सौद्याची सुरुवात, असं मी धरून चालायची. पण हा माणूस भाव पाडत नव्हता. त्याला माल नकोच होता.

“काहून पण? पोरगा बारावी झाला. दारू नाही, तंबाखू नाही. जमीन स्वतःची आहे.”

“सगळं खरं, बाई. पण कापूसवाला म्हटलं की मुलीचा बाप पान पलटवते. माह्या रजिस्टरात फुकटची जागा अडते ना.”

मी टेबलावर हात आपटला. त्याने पाण्याचा ग्लास सावरला, बाकी काही केलं नाही. परतीच्या गाडीत फोटो पदराखाली धरून बसले. माझा धाकटा भाऊ त्या फोटोत नवा शर्ट घालून, श्वास रोखल्यासारखा उभा होता. त्याला नाकारताना कोणी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, याचाच मला जास्त धक्का बसला होता.

त्या वर्षांत आमचा जिल्हा रोज टीव्हीवर असायचा. दिल्ली-मुंबईचे पत्रकार गळ्यात कॅमेरे अडकवून यायचे आणि फोटो पाठवायला माझ्याच कॅफेत बसायचे. सगळ्यांचे फोटो सारखे. भेगाळलेली जमीन, भिंतीला टेकलेली म्हातारी, रिकामी खाट. मी त्यांच्याकडून जास्त दर घ्यायची आणि वर विचारायची, “आमच्या इथं कोणाचं लग्न झालं, बारसं झालं, त्याचा फोटो नाही का काढत तुम्ही?” ते हसायचे. त्यांचे फोटो घरोघरी पोहोचले आणि अमरावतीकडच्या एका मुलीच्या बापाने मला फोनवर विचारलं, “यवतमाळ म्हणजे ते टीव्हीवालंच ना?” आणि फोन ठेवला.

म्हणून मी ठरवलं की माझंच केंद्र काढायचं, कॉम्प्युटरवर. त्यात शेतीवाला आधी, मग बाकीचे. आणि भावाचं लग्न जमवूनच त्या यवतमाळवाल्याला पत्रिका नेऊन द्यायची. स्वतःच्या हाताने.

पॉलिटेक्निकचे एक सर माझ्याकडे प्रश्नपत्रिका झेरॉक्स करायला यायचे. त्यांना विचारलं तर त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली. म्हणाले, “हे लिनक्स. एका कॉम्प्युटरवर हे टाका. मग त्यावर वेबसाइटचं सॉफ्टवेअर बसवू. लोक स्वतःची माहिती भरतील, फोटो लावतील, दुसरे शोधतील. सगळं तयार मिळतं.”

“केवढ्याला?”

“फुकट आहे, ताई.”

“फुकट म्हणजे आज फुकट. पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षीही.”

“मग ज्यानं केलं त्याचा फायदा काय?”

“काही नाही. जगभरातले लोक मिळून करतात आणि वाटतात.”

मी सीडी उलटसुलट करून पाहिली. बाजारात मी फसवणारे पाहिले होते, फसणारे पाहिले होते. फायदा नसलेला माणूस मला पहिल्यांदा भेटत होता आणि मला त्याची भीती वाटली. पण सवयीने तोंडातून निघालंच, “बरं, मग कमी किती कराल?”

सर मोठ्याने हसले. “शून्यातून काय कमी करू?”

“मग वर काय द्याल?”

वर त्यांनी आपले रविवार दिले. दर रविवारी दुपारी ते माझ्या दुकानात येऊन बसवायला शिकवतील असं ठरलं. चहा कोणी पाजायचा यावर आम्ही सीडीपेक्षा जास्त वेळ भांडलो. शेवटी एकदा त्यांचा, एकदा माझा.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढलं आणि धक्के सुरू झाले. सरांनी काळी खिडकी उघडली, म्हणाले, “पासवर्ड टाका.” मी टाकते आहे, टाकते आहे, पण पडद्यावर काही उमटेचना. अक्षर नाही, ठिपका नाही. मी कीबोर्ड उलटा करून झटकला.

“कीबोर्ड मेला, सर.”

“नाही ताई, तो दाखवत नाही. गुपचूप ऐकतो.”

माझ्या दुकानातलं एक यंत्र मला न सांगता ऐकून घेतं, हे मला अजिबात आवडलं नाही. पुढे वेब सर्व्हर बसवला. मग डेटाबेस, म्हणजे सगळी माहिती जिथे साठते ती कोठी, अर्धी बसली आणि भारनियमनाची वेळ झाली. पंखा थांबला, पडदा काळा. इन्व्हर्टरवर फक्त माझा बल्ब चालायचा. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

सगळं उभं राहिलं तेव्हा मी पहिली नोंद भावाची केली. मराठीत नाव टाइप केलं, बटण दाबलं आणि पानावर आलं काय, तर ओळीने प्रश्नचिन्हं. नाव प्रश्नचिन्ह, गाव प्रश्नचिन्ह, शिक्षण प्रश्नचिन्ह. मी खुर्चीवरून उठले. “हेबी यवतमाळवाल्यासारखंच निघालं! याले बी शेतकरी ओळखू येत नाही!” सरांनी शांतपणे कोठी पुसली आणि नवी बनवली, तिला देवनागरी समजेल अशी. मग भावाचं नाव भावाच्या नावासारखं दिसलं.

आणि मग ते शेवटचं पान आलं. बसवणं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन, आता ‘इन्स्टॉल’ नावाचं फोल्डर काढून टाका, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं.

“काढा,” सर म्हणाले.

“काहून काढू? वस्तू घेतली की खोका फेकायचा नाही. माह्या दुकानात प्रत्येक यंत्राचा खोका माळ्यावर आहे. खोका नसला तर बिघडलेला माल कोणी वापस घेते का?”

“ताई, हा खोका नाही. ही किल्ली आहे. हे पान उघडून कोणीही सगळं पुसून नव्याने बसवू शकतो.”

“मग किल्ली तर कोणी फेकतच नाही.”

सरांनी हात जोडले. ही वेबसाइट बाहेरच्या जगाला दिसणारच नव्हती, फक्त माझ्या दुकानातल्या यंत्रांवर दिसणार होती. तशी मीच मागितली होती. घरबसल्या दिसली तर माझ्याकडे कोण येईल? त्यामुळे त्यांनी वाद सोडला.

भाऊ बाजाराला आला की गाडीची वाट बघत माझ्या पंख्याखाली बसायचा. त्याला मी अभिमानाने सगळं दाखवलं. ते इन्स्टॉलचं पानही दाखवलं. “हे पाह्य. काही बिघडलं ना, की वरच्या पट्टीत इतकं टाइप करायचं, ‘जुनं पुसू का’ म्हणून विचारते, त्याले हो म्हणायचं. झालं, कोरं करकरीत.”

“अन् जुनं?”

“गेलं.”

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कौतुकाने.

कॅफे चालायला लागला. गावोगावची पोरं येऊन आपली माहिती भरायची, केसांना पाणी लावून माझ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहायची. मुलींचे बाप, मामा, काका येऊन शोधायचे. विहारातल्या कार्यक्रमानंतर बाया घोळक्याने यायच्या आणि एकमेकींना कोपरखळ्या मारत नवरदेव बघायच्या. “हा तर माह्या नणंदेचा पोरगा! घरात चड्डीवर फिरते अन् इथं टाय लावला मेल्यानं!”

पण त्या सॉफ्टवेअरमध्ये मालकाला एक जास्तीचं पान दिसायचं, लोकांनी काय काय शोधलं त्याचं. एके दिवशी मी ते उघडून बघितलं. नोकरी, नोकरी, नोकरी. शिक्षक. व्यापार. पुन्हा नोकरी. ‘शेती’ निवडून कोणी एकदाही शोधलं नव्हतं. मी खाली खाली जात राहिले. रजिस्टरवाल्याने निदान तोंडावर सांगितलं होतं. इथे माझ्याच पंख्याखाली बसून, माझाच चहा पिऊन, हसत बोलत लोक माझ्या भावाला वगळत होते आणि मला पत्ताही नव्हता. त्यात शेतकरी बापच जास्त.

मी मग बाजारात जे करतात तेच केलं. भावाची नोंद उघडली आणि व्यवसायात ‘शेती’च्या जागी ‘व्यापार’ निवडलं. बाकीच्या कापूसवाल्या पोरांचंही तसंच केलं. यात खोटं काही नाही असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. जो कापूस विकतो तो व्यापारीच. पाटीत चांगला दाणा वर मांडला म्हणून कोणी बाजारातून हाकलत नाही.

परिणाम लगेच दिसला. एका मुलीचे वडील भावाला भेटायलाच आले. मी त्याला निरोप धाडून बोलावलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. तो शेतातून तसाच आला, पायाला माती, शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले. पाहुण्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“दुकान कुठं आहे तुमचं?”

“कायचं दुकान?”

“इथं व्यापार लिहून आहे ना.”

भावाने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी डोळ्यांनी खुणावलं, की सांग काहीतरी, मी सांभाळते. तो म्हणाला, “म्या कास्तकार आहो, काकाजी. हे ताईनं चुकून लिहिलं असन.” पाहुण्यांनी कपातला चहा तसाच ठेवला आणि उठले. भाऊ त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आला आणि परस्पर घरी गेला.

मी रागावले होते, त्याच्यावर. तयार सौदा त्याने स्वतःच्या तोंडाने मोडला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आला, नेहमीच्या जागी बसला, एका यंत्रावर थोडा वेळ काही केलं आणि गेला. मी झेरॉक्सच्या गर्दीत होते. दुपारी दोन बाया नवरदेव बघायला आल्या. मी पान उघडलं.

पानावर एकही माणूस नव्हता. पांढरं पान, वर निळी पट्टी, आणि इंग्रजीत ‘स्वागत आहे, तुमची भाषा निवडा.’

मी पुन्हा उघडलं. दुसऱ्या यंत्रावर उघडलं. तेच. सगळी पोरं, सगळे टाय, सगळी गावं गेली होती. माझ्या कानात पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. एक बाई विचारत होती, “काय झालं वो ताई? लाइन गेली का?” मी सरांना फोन लावला.

“फोल्डर काढलं नव्हतं ना?” त्यांनी विचारलं.

मी फोन ठेवला. मला गुन्हेगार माहीत होता. यवतमाळवाल्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली होती, त्यानेच माणूस पाठवला असणार. शटर ओढलं आणि मिळेल ती गाडी धरून यवतमाळ गाठलं. त्याच्या केंद्रात चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत मी त्याला असं झाडलं की बाहेरचा पानवाला आत डोकावला. “माह्यं केंद्र पुसाले माणसं पाठवतं का तू? माह्या भावाले जागा नाही दिली, आता माह्यी जागा बी खातं?”

तो खुर्चीत मागे सरकून बसला होता. मग म्हणाला, “बाई, मले त्या कॉम्प्युटरचं बटन कुठं असते तेबी माहीत नाही. हे पाहा, अजून रजिस्टर.” आणि खरंच, तेच लाल कापडाचं रजिस्टर त्याच्या समोर होतं. त्याने मला पाणी दिलं. या वेळी ग्लास सावरला नाही, माझ्या हातात दिला. त्याचा खोटेपणा पकडायला गेलेली मी तिथून निघाले ती पूर्ण गोंधळून.

परत आले तर भाऊ बंद दुकानाच्या पायरीवर बसून होता.

“यवतमाळले गेलती?”

“त्या हरामखोरानं सगळं पुसलं, माहीत आहे का तुले?”

“त्यानं नाही. म्या पुसलं.”

मी शटरची किल्ली शोधत होते. हात पिशवीतच राहिला. सगळ्या जिल्ह्यात माझ्यावर दात धरून असलेली माणसं मी मोजली असती तर त्यात याचं नाव शेवटीही आलं नसतं.

“तू? काहून?”

“तूच तर शिकवलं. हो म्हणायचं, जुनं गेलं.”

“अरे, तुह्यासाठीच मांडलं होतं न बापा हे सगळं!”

“माह्यासाठी?” त्याचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे, घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आला होता. “यवतमाळवाल्यानं म्हटलं, शेतीवाला नाही घेत. तू बी तेच म्हटलं. त्यानं फोटो वापस केला, तू माणूसच बदलून टाकला. त्या पाहुण्यासमोर मी चोर झालो, ताई. माह्याच बहिणीच्या दुकानात मी चोर झालो.”

“अन् बाकीची पोरं? त्याहिचं काहून पुसलं?”

“त्याहिले बी तू व्यापारी करून ठेवलं होतं. उद्या त्याहिच्या दारात बी कोणी दुकान पाहाले आलं असतं.”

मी भांडले. पुष्कळ भांडले. बाजाराची रीत सांगितली, गिऱ्हाईक सांगितलं, वय सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, “पुन्हा मांडशीन तर शेती पयले लिही. नाहीतर नको मांडू. मले असंच राहू दे.”

सौद्यात मी मागे हटायची नाही. पण त्याने असं काही मागितलंच नव्हतं की ज्यातून मी काही कमी करू शकले असते.

पुढच्या रविवारी सर आले. पुन्हा कोठी, पुन्हा भाषा, पुन्हा अभिनंदनाचं पान. सर माझ्याकडे बघत राहिले. मी खोका तेव्हाही फेकला नाही. फोल्डरचं नाव बदललं, असं की माझ्याशिवाय कोणाला सापडू नये. व्यवसायाच्या यादीत पहिला शब्द टाकला शेती. बायांसाठी वेगळी यादी करायची माझी इच्छा होती, त्यात घरकाम, शिवणकाम, शिक्षिका. पण या सॉफ्टवेअरमध्ये बाया-माणसांना एकच यादी होती आणि वेगळी कशी करायची ते सरांनाही चटकन जमेना. राहू द्या म्हटलं. भावाने स्वतःची माहिती स्वतः भरली. एका बोटाने, अक्षर शोधत. फोटोत त्याने जुना शर्ट घातला होता. मला बघवेना. मनात म्हटलं, संपलं, आता हा म्हातारा होईपर्यंत याच पंख्याखाली बसणार.

पोरं परत यायला लागली, काही आलीच नाहीत. मी पुन्हा ते शोधांचं पान उघडायची हिंमत केली नाही.

मग एका सकाळी एक बाई आली. बाई म्हणजे तिशीच्या आतली, उन्हाने रापलेली, पायात जाड चपला. ढाणकीकडची होती, बाभुळगावात मामाकडे आली होती. पिकाच्या विम्याचा अर्ज झेरॉक्स करायचा होता. झेरॉक्स तापेपर्यंत ती समोरच्या यंत्रावर उघडं असलेलं पान बघत बसली. मग म्हणाली, “हे मी भरू का?”

मी म्हटलं, “घरचे कोणी नाही आले?”

“बाप लकव्यानं खाटेवर आहे. भाऊ पुण्याले. मीच घरची.”

तिने भरायला घेतलं. मी पाठीमागून बघत होते. यादी उघडली आणि तिने सगळ्यात वरचा शब्द निवडला. शेती.

मला वाटलं हात चुकला. “बाई, ते माणसाईसाठी आहे.”

“काहून? मीच करून राह्यली ना शेती. वखर, फवारणी, वेचणी, सारं. आजलोक कोणत्याच कागदावर हे लिहायले जागा नव्हती. घरकाम लिवतात पोरीच्या नावापुढं.” आणि मग शोधायच्या चौकटीतही तिने तोच शब्द निवडला. माझ्या डोळ्यांदेखत. पानावर पहिला आला तो माझा भाऊ, जुन्या शर्टात.

“हा खरंच कास्तकार आहे का?” तिने विचारलं. “का उगाच लिवलं?”

“खराच आहे,” मी म्हटलं. “त्यानं स्वतः लिवलं.”

तिच्या मामाच्या घरी बैठक ठरली. मी पूर्ण तयारीने गेले. कुठून सुरू करायचं, कुठे अडायचं, काय आधी मागायचं आणि काय सोडून दिल्यासारखं करायचं, सगळं मनात मांडलेलं होतं. पोहे झाले. मामा घसा साफ करत होते, तेवढ्यात तीच बोलली, भावाकडे बघून, “माह्या बापाले सोबत आणीन. अन् सातबाऱ्यावर माह्यं नाव लागन. मी कोणाच्या वावरात फुकट राबणार नाही.”

मी मनातल्या मनात खूश झाले. बाई सौदा करायला शिकलेली होती. बापाची गोष्ट चालेल, पण सातबारा! कोणी लग्नाआधी सातबारा मागतं? मी पदर सावरला, पहिला शब्द ओठांवर आणला.

“लागन,” भाऊ म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पोह्याची ताटली हातात धरून बसला होता.

“अन् बाप?” तिने विचारलं.

“ते बी येतीन. खोली आहे.”

संपलं. बैठक सुरूच झाली नव्हती आणि संपली होती. मामा हसायला लागले. मी तोंड उघडं ठेवून बसून राहिले, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर एक सौदा झाला होता आणि त्यात कोणी कोणाला एक शब्दही कमी करायला लावला नव्हता.

परतीच्या वाटेवर मी त्याला इतकं बोलले की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. “निदान एकदा तर नाही म्हणायचं होतं! मग तिनं थोडं सोडलं असतं, आपण थोडं सोडलं असतं!”

“कायले, ताई?” तो म्हणाला. “बरोबरच मागून राह्यली होती ते.”

पत्रिका छापल्या तेव्हा पहिली मी यवतमाळवाल्याला नेऊन दिली, स्वतःच्या हाताने, ठरल्याप्रमाणे. वराच्या नावाखाली ‘कास्तकार’ छापून घेतलं होतं, आणि वधूच्या नावाखालीही तेच. त्याने ती दोनदा वाचली.